मनूला विचारते

त्या वर्षी आमच्या घरात राज्य कुणाचं होतं, असं विचारलं तर मला अजूनही सरळ उत्तर देता येत नाही. कागदोपत्री ते बाबांचं होतं, आणि बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. जेवणाच्या टेबलाशी ते माझ्या भावाचं, मनूचं होतं, आणि मनू सात वर्षांचा होता. आवाज भाऊकाकांचा होता. आणि खरं काय ते स्वयंपाकघराच्या दाराशी, आईच्या शिवणाच्या मशीनपाशी ठरत होतं. मी चौदा वर्षांची होते. मला कुणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे बघायला भरपूर वेळ होता.

आमचं घर सिंगापुरात, आंग मो किओला, आठव्या मजल्यावर. लिफ्ट सहाव्याला थांबायची आणि पुढचे दोन जिने चढायचे, त्यामुळे पावलांवरून कोण येतंय ते कळायचं. बाबा दोन-दोन पायऱ्या घेत यायचे. इंडस्ट्रियल पार्कातल्या एका कारखान्यात ते इंजिनियर होते. सकाळी चालत जायचे, आणि एका सकाळी चालता चालताच गेले. त्याबद्दल मी आधी लिहिलं आहे, इथे पुन्हा नको. त्यानंतर संध्याकाळी सहाच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली की आम्ही तिघंही बोलायचे थांबायचो, आणि ती शेजारच्या मिस्टर ओंगची निघायची. आईने रडण्यात फार दिवस घालवले नाहीत. हौगांगच्या मार्केटजवळ शाळेचे गणवेश विकणारं एक दुकान होतं, तिथे ती कपडे लहानमोठे करून द्यायला लागली, आणि उरलेलं काम गाठोडं बांधून घरी आणायला लागली. मुलींचे निळे पिनाफोर, पांढरे शर्ट, खाकी चड्ड्या. घरात मशीनची घरघर, समोरच्यांकडे तेलात लसूण पडल्याची चुरचुर, खालच्या मजल्यावर माजाँगच्या सोंगट्या ढवळल्याचा खळखळाट. एवढे आवाज असून मला ते घर फार गप्प वाटायचं. अभ्यासाला बसले की दहा मिनिटांत उठायचे, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे. पायाला भिंगरी लागलीय कार्टीच्या, असं आई मशीनवरून मान वर न करता म्हणायची.

भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पुण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबांना त्यांनीच वाढवलं होतं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. महिन्याभराच्या व्हिजिट पासवर ते आले ते भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला यांनी भरलेली एक बॅग घेऊन; त्यांचे स्वतःचे कपडे एका लहानशा पिशवीत होते. आम्ही त्यांना विमानतळावरून आणलं, त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी मनातलं बोलून टाकलं. आडपडदा हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता.

"सुमन, मनूला मी पुण्याला घेऊन जातो," ते म्हणाले. "विनायकाच्या मागे घराण्यात आता हा एकच. तुम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी. इथे वाढला तर अठराव्या वर्षी फौजेत घालतील, सुटका नाही. माझ्याजवळ राहील, शिकेल. तुझी नोकरी, वीणाची शाळा चालू दे. वाटलं तर मागून या."

आई म्हणाली, "बघू या, भाऊजी." आणि कुकर लावायला उठली.

मला ते 'मागून या' फार लागलं. काकांचा माझ्यावर जीव होता, यात शंका नाही. मेतकूट त्यांनी माझ्यासाठीच आणलं होतं. पण मला नेण्यासाठी कुणी विमानात बसून आलं नव्हतं, आणि मला ठेवून घेण्यासाठी कुणी भांडणारही नव्हतं. मी जिथे ठेवावी तिथे राहणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्या महिन्यातल्या माझ्या सगळ्या चिडचिडीचं मूळ तिथे आहे, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

आमच्याकडे पहिलं पान घरच्या कर्त्याचं वाढायची पद्धत होती. कोकणातून पुण्याला, पुण्यातून सिंगापूरला घरं बदलली तरी ती बदलली नव्हती. पंख्याखालची खुर्ची बाबांची; आधी त्यांच्या ताटात वरणभात, त्यावर तूप, मग बाकीच्यांना. बाबा गेल्यापासून आम्ही त्या खुर्चीकडे न बघता जेवत होतो. पहिल्या रात्री आईने आदराने ती काकांपुढे ओढली. काका बसले नाहीत. "ही विनायकाची जागा. आता मनूची," असं म्हणून त्यांनी टेलिफोनची दोन जाडजूड पुस्तकं खुर्चीवर ठेवली आणि मनूला उचलून त्यांच्यावर बसवलं. मनूचे पाय लोंबकळत होते. "वाढ त्याला आधी. आणि त्याने घास घेतल्याशिवाय कुणी सुरुवात करायची नाही." मनूने आमच्या तिघांकडे पाहिलं, मग भाताकडे, आणि फार गंभीरपणे पहिला घास घेतला. आई हातात तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिच्या डोक्यात ती कल्पना तिथेच आली असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिने ती वापरली.

काका म्हणाले, "वीणाचं ते नेटबॉल आता पुरे. संध्याकाळी मुलगी घरात हवी."

"मनूला विचारते हं," आई म्हणाली. "पहिलं पान त्याचं, तेव्हा शब्दही त्याचाच धरायला हवा, नाही का भाऊजी?" आणि तिने हाक मारली, "मनू, ताईने खेळावं की नको रे?"

मनू टीव्हीवर कार्टून बघत होता. "खेळू दे," तो म्हणाला.

काकांनी वर्तमानपत्र उघडलं. नियम त्यांचाच होता. त्यानंतर आईने त्या नियमाचा असा काही सपाटा लावला की विचारू नका. बाबांचे कपडे देऊन टाकायचे का? मनूला विचारते. दुकानातली नोकरी सोडून घरूनच शिवण करावं का? मनूला विचारते. आईच्या कपाळावरच्या बारीक टिकलीकडे काकांची नजर दोनदा गेली, बोलले काहीच नाहीत, तरी आईने उत्तर दिलं, "मनूला मी टिकलीशिवाय ओळखू येत नाही हो." काका नाश्त्याला काया टोस्ट आवडीने खायचे, रोज दोन मागून घ्यायचे, काया म्हणजे नारळाचा जॅम, एवढंच आम्ही सांगितलं होतं. त्यात अंडं असतं हे सांगायचं की नाही, हेसुद्धा मनूलाच विचारलं गेलं. तो म्हणाला, नको, काकांना आवडतं. मला वाटतं, त्या महिन्यातला एवढा एकच निर्णय त्याने खरोखर स्वतःच्या डोक्याने घेतला.

कारण बाकीच्या निर्णयांची तालीम मी घेत होते. आम्हा दोघांची खोली एक, पलंग वर-खाली. शाळेतून आल्यावर मी त्याला खालच्या पलंगावर बसवायचे आणि आईने आज काय विचारायचं ठरवलंय, त्यावर काय म्हणायचं, हे घोकून घ्यायचे. बक्षीस म्हणजे शनिवारी खाली हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत आइस कचांग, रंगीत सरबतं घातलेला किसलेल्या बर्फाचा ढीग, त्यातला लाल सरबताचा भाग पूर्ण त्याचा. आईने मला असं कर म्हणून कधी सांगितलं नाही. मला ते सांगावं लागत नव्हतं. राजा त्याला केलं होतं, राज्य ती करत होती, आणि दिवाणगिरी मी आपणहून पत्करली होती. कुणी विचारत नाही म्हणून कुढत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

नेमक्या त्याच महिन्यात शाळेत आमच्या इतिहासाच्या बाईंनी प्रोजेक्ट दिलं: राज्य चालवलेली एक स्त्री. नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यातून काढायची होती. मैत्रिणींना ठळक ठळक राण्या मिळाल्या, आणि माझ्या चिठ्ठीत निघाली आठशे वर्षांपूर्वीची पोलंडमधली एका सरदार घराण्यातली बाई. तिचं नाव आमच्या घरात कुणालाही धड उच्चारता येईना. आई तिला पोलंडची बाई म्हणायला लागली आणि तेच नाव पडलं. लायब्ररीत तिच्यावर एका जाड पुस्तकात सगळी मिळून चार पानं होती. ती माहेरची दुसऱ्या मुलखातली, पूर्वेकडची. नवरा राज्य करत होता. भाऊबंदांच्या बैठकीला गेला असताना आंघोळीच्या वेळी त्याच्यावर हल्ला झाला आणि तो मारला गेला. मुलगा जेमतेम चालायला लागलेला. मुलाच्या नावाने ही कारभार बघायला लागली. मग नवऱ्याचा भाऊ आला, म्हणाला पुतण्याचा पालक मी, आणि त्याने आई आणि मुलगा दोघांना एका मठात कोंडून ठेवलं. तिथून ती मुलाला घेऊन निसटली. मुलीला त्याआधीच, अगदी लहान असताना, लग्न ठरवून हंगेरीच्या दरबारात धाडलेलं होतं. तिच्याबद्दल त्या पानांत दीड ओळ होती.

मी हे मोठ्या चार्टपेपरवर लिहिलं, वंशवृक्ष काढला, आणि नवऱ्याच्या भावाला लाल स्केचपेनाने रंगवून मिशा काढल्या. त्या मिशा भाऊकाकांच्या मिशांसारख्याच झाल्या. मुद्दाम केलं नाही असं मी आईला सांगितलं, पण तुम्हाला खोटं कशाला सांगू.

काकांनी तो चार्ट पाहिला. चष्मा पुसून सबंध वाचला. मिशांबद्दल चकार शब्द काढला नाही.

"हा दीर दुष्ट, हे कशावरून?" त्यांनी विचारलं.

"त्याने तिला कोंडलं."

"ते वाईटच. पण भाऊ मेलाय, पोर तान्हं, चारी बाजूंनी लोक टपलेले. त्याला त्या वेळी काय वाटलं असेल, हे कुठे लिहिलंय?"

"पुस्तकात नाही."

"मग तू लिही. एका कोपऱ्यात का होईना, त्याची बाजू लिही." आणि मग हळू म्हणाले, "भाऊ गेलेल्या माणसाला पण काहीतरी होत असतं, वीणा."

मी कोपऱ्यात पेन्सिलीने दोन वाक्यं लिहिली, इतकी बारीक की बाईंना वाचता येऊ नयेत. त्यांचं बरोबर होतं म्हणून मला जास्तच राग आला होता. आईने मशीन थांबवून सगळं ऐकलं होतं. काका खाली फिरायला गेल्यावर तिने विचारलं, "मग तो मुलगा मोठा झाल्यावर काय झालं?"

"त्याने राज्य केलं."

"आणि ती?"

"मागे सरली. त्याच्याजवळच राहिली."

"मुलाने कधी विचारलं का तिला, तुझ्या मनात काय होतं म्हणून?"

"पुस्तकात नाही."

"तुझ्या पुस्तकात काहीच नाही वाटतं," असं म्हणून आईने दाताने दोरा तोडला.

काकांच्या परतीच्या आदल्या रविवारी हौगांगचे गोखले काका-काकू जेवायला आले. भाऊकाकांनीच त्यांना बोलावलं होतं. चार माणसांसमोर एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा होता. मनूचं तिकीट काढायचं तर सोमवारी सकाळी विमान कंपनीला फोन करायला हवा होता. आईने इथल्या लांबड्या वांग्यांचे तुकडे करून भरली वांगी केली होती, अळूवडी होती, श्रीखंड होतं. मी मनूची तालीम तीनदा घेतली होती. वाक्य मराठीत, छोटं आणि सोपं: मला इथेच राहायचंय. मनू दोन पुस्तकांवर बसला, त्याने पहिला घास घेतला, सगळ्यांनी सुरुवात केली. भाऊकाका म्हणाले, "सुमन, गेला महिनाभर तू प्रत्येक गोष्ट मनूला विचारलीस. मी मान ठेवला. आता ही एक मी विचारतो, आणि तो म्हणेल ते तू मान्य करायचं. कबूल?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "कबूल," ती म्हणाली.

"मनू, बाळा, माझ्याबरोबर पुण्याला येतोस की इथे राहतोस?"

मनूने ताटातली अळूवडी उलटी केली, सुलटी केली. मग मराठी सोडून त्याच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आय वॉन्ट टू गो विथ काका लाह. काका गॉट डॉग." आणि कुणी काही बोलायच्या आत, "हिअर एव्हरीबडी आस्क मी ओन्ली. एव्हरी डे आस्क. आय व्हेरी टायर्ड."

गोखलेकाकू श्रीखंडाचा चमचा तोंडाशी धरून तशाच बसल्या. आमच्या फ्लॅटमध्ये मोठा कुत्रा पाळायला परवानगी नव्हती, आणि काकांच्या अंगणात खंड्या नावाचा वासराएवढा कुत्रा होता, हे मला माहीत होतं. ते माझ्या हिशेबात आलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई हरली, आणि माझ्यामुळे हरली. मी मनूला काय म्हणायचं ते शिकवलं होतं, त्याला काय हवंय ते एकदाही विचारलं नव्हतं. काकांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण तो त्यांनी लगेच आवरला, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आईने वाटी खाली ठेवली. ती मनूजवळ गेली, त्याला खुर्चीवरून उचलून खाली ठेवलं, टेलिफोनची पुस्तकं काढून भिंतीशी ठेवली. "जा, खेळ जा," ती म्हणाली. मग काकांसमोर उभी राहिली.

"भाऊजी, तो सात वर्षांचा आहे. तो म्हणेल त्यावर घर चालत नसतं. इतके दिवस मी त्याच्या तोंडून बोलत होते, ते चुकलं माझं. लेकराला दमवलं मी. आता माझ्या तोंडून सांगते. मनू कुठेही जाणार नाही. मी त्याला इथे वाढवणार. हे मी ठरवलंय."

"तू कबूल म्हणाली होतीस," काका म्हणाले.

"म्हणाले होते. मोडते."

आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. काकांनी हातातला घास ताटात ठेवला. "आणि फौज?"

"जाईल. सगळ्यांची मुलं जातात, परत येतात. परत आला की मी त्याला खरंच विचारीन. तेव्हा तो पुण्याला म्हणाला तर पुण्याला. मी अडवणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

काकांनी पाण्याचा घोट घेतला. "मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस, सुमन? मी काय तुला कोंडून ठेवणार होतो?" आणि ताट पुढे केलं. "वांगी वाढ थोडी." विमानतळावर त्यांनी मनूला पोटाशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या पोलंडच्या बाईची मुलगी. तिचं पुढे काय झालं, ते शोध." मी शोधलं. ती विधवा होऊन परत आली आणि भावाच्या मुलखात तिने स्वतःचा मठ काढला. मी काकांना पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं, छान, आणि मिशा उत्तम जमल्या होत्या.

मनू फौजेतून सुटून आला तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. माझी नोकरी लागून सहा वर्षं झाली होती, मी अजून त्याच घरात, त्याच वरच्या पलंगावर झोपत होते. लिफ्ट आता आठव्याला थांबायला लागली होती. काळाठिक्कर पडलेला, सहा फुटी मनू पंख्याखालच्या खुर्चीवर बसला. आईने त्याला वरणभात वाढला, तूप घातलं, आणि म्हणाली, "मनू, मी तुला विचारणार होते. पुण्याला जायचंय का तुला?"

तो हसला. "आई, तो कुत्रा अजून आहे का?"

"कुत्रा नाही. काका आहेत. आता एकटेच आहेत." ती हसत नव्हती. "विचार करून सांग. तू म्हणशील ते."

त्याने दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत आईने एकाच पिनाफोरची पट्टी तीनदा उसवली आणि तीनदा घातली. मी मनूला गाठून काय म्हणायचं ते सांगू शकले असते. मला ते फार चांगलं जमायचं. मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "मी जातो. काकांजवळ राहतो, तिथेच शिकतो." आईने मान हलवली. त्याच दुपारी तिने त्याची बॅग काढून पुसली. मी तिला म्हटलं, अगं एकदा तरी नको म्हण. ती म्हणाली, "शब्द दिला होता." तो गेला, काकांचं शेवटपर्यंत त्याने केलं, आणि तिथलाच झाला. आज त्याच्या अंगणात दोन कुत्रे आहेत. आई माझ्याजवळ, सिंगापुरातच पासिर रिसला असते, दर रविवारी त्याच्याशी बोलते, आणि फोन ठेवल्यावर मशीनवर जाऊन बसते.

पण मला सांगायचं आहे ते त्याला विमानतळावर सोडून आल्यानंतरच्या संध्याकाळचं. मी दोनच ताटं घेतली. आई आली आणि पंख्याखालची खुर्ची ओढून तिच्यावर बसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी तिच्या ताटात आधी भात वाढला, वरण घातलं, तूप घातलं. ती घास घेईना. माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "वीणा, तुला मी कधी काही विचारलंच नाही. तुला कुठे जायचं होतं का ग?"

मी अठ्ठावीस वर्षांची होते. उत्तर माझ्याजवळ तयार असायला हवं होतं. चौदा वर्षं मी दुसऱ्यांची उत्तरं तयार करत आले होते. माझ्या तोंडून निघालं, "आधी तू घास घे, मला भूक लागलीय." आणि मग मला जे रडू आलं ते ताटातला भात गार झाला तरी थांबेना.